नदीची ओटी

कुमे,

काल विभागात तुझी शोकसभा झाली. सगळे खरं बोलले, त्यामुळे फार कंटाळा आला. तू शिस्तीची होतीस, वेळेवर यायचीस, हातातलं काम अर्धवट टाकायची नाहीस. तुझ्या जागी भिंतीवरच्या घड्याळाला हार घातला असता तरी हीच भाषणं चालली असती. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले, “कुमुद माझी मैत्रीण होती,” एवढं म्हणाले आणि खाली बसले. सभेत खळबळ उडाली. शोभाताई, आणि एका वाक्यात आटोपल्या? मागच्या रांगेतून माझ्यासाठी पाणी आलं, एकाने नाडी बघितली, आणि बाहेर ॲम्ब्युलन्स बोलावून ठेवली होती म्हणतात.

ॲम्ब्युलन्सचं खोटं आहे. माहीत आहे, तू लगेच विचारणार. नाडीचंही खोटं. पाणी मात्र आलं होतं, आणि मी ते प्यायले.

तुझी सवय अजून माझ्या मानेवर बसली आहे, बघ. आपल्या कामात नमुना फार तीव्र असला की मशीनला झेपत नाही. मग तो दहा पट पातळ करायचा, मोजायचा आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणायचं. तू माझ्या बाबतीत याच्या उलट केलंस. मी काहीही सांगितलं की तू शेवटपर्यंत ऐकून घ्यायचीस, चष्मा पुसायचीस आणि म्हणायचीस, “दहाने भागलं.” देवासच्या बसमध्ये माझ्या मांडीवर बकरी बसली होती, असं मी सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, “दहाने भागलं तर बकरीचा एक पाय उरतो.” आणि खरंच गं, एक पायच होता. बकरी शेजारच्या बाईच्या मांडीवर होती.

मला आज हैदराबाद सांगायचंय. काल सभेत तेच सांगायला उभी राहिले होते.

तेव्हा आपण दोघी इथेच उज्जैनला रिसर्च स्कॉलर होतो. मी क्षिप्रेच्या पाण्यातले धातू मोजायचे, तू नानाखेड्याकडच्या बोअरिंगच्या पाण्यातले. मोजायचो असं आपलं म्हणायचं. विभागातलं मशीन इतकं म्हातारं होतं की सर त्याला सुरू करण्याआधी त्याची तब्येत विचारायचे. पण देशात नुकती आयात खुली झाली होती. टॉवर चौकात रोज नवं दुकान उघडत होतं, गल्लीगल्लीत एसटीडीचे पिवळे बोर्ड लागत होते, केबलवाला आमच्या गच्चीवरून तार ओढून घेऊन गेला आणि आईने त्याच तारेवर बाबांच्या बनियनी वाळत घातल्या. त्याच हवेत हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत परदेशातून नवंकोरं मशीन येऊन बसलं. आपल्या सरांनी त्यांच्याशी मिळून काम करायचं ठरवलं होतं, म्हणून आपल्याला तिथला एक आठवडा मिळाला. अर्धा तुझा, अर्धा माझा.

तुझ्या घरून लगेच हो आलं. आमच्याकडे बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता नाही म्हटलं. आईने भांडण केलं नाही. तिने फक्त बाबांच्या आमटीत मीठ घालणं बंद केलं. असे त्यांनी महिने काढले. (एकच जेवण होतं, पण त्या घरात ते महिन्याएवढं वाटलं.) शेवटी बाबा म्हणाले, “ठीक है, जाऊ दे. कुमुद बरोबर असेल तरच. आणि एक ऐकून ठेव. काम झालं नाही, तर ते पीएचडीचं चक्कर बंद. इंदूरच्या मुलाला हो म्हणायचं.”

इंदूरचा मुलगा तुला आठवतो. प्रत्येक वाक्य संपलं की ते बरोबर होतं का ते बघायला तो स्वतःच्या आईकडे बघायचा. “चहा छान आहे,” आणि मान आईकडे. मी चार दिवस झोपले नव्हते. पुराचं पाणी ओसरून गेलं होतं, पावसाळ्यातले नमुने घेऊन झाले होते, आणि ते बिघडले तर पुन्हा वर्षभर मिळणार नव्हते. तेवढं थांबायला ना बाबा तयार होते ना इंदूर.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या सगळ्या बाटल्या घरी आणून देवघरासमोर ठेवल्या. आमच्या घरातला तोच काय तो गार कोपरा. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, आत थोडं ॲसिड घातलेलं, वर चिकटवलेली नावं: त्रिवेणी, गऊघाट, रामघाट, मंगलनाथ. सकाळी आईने हातावर दही ठेवलं, ऑटो आली, तू आधीच आत बसली होतीस, मांडीवर तुझी कुलूपवाली पेटी. माझं खोकं चढवताना ऑटोवाला म्हणाला, “पानी बेचने जा रिये हो क्या मैडम? हैदराबाद में खतम हो गया?”

“जाँच कराने जा रहे हैं,” तू म्हणालीस.

“अपनी क्षिप्रा की जाँच?” त्याने आरशातून आपल्याकडे असं बघितलं जसं आपण त्याच्या आईला पोलीस ठाण्यात घेऊन चाललोय.

भोपाळला गाडी बदलली, आणि मग मला गप्प बसवेना. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी विचारलं, खोक्यात काय. मी म्हटलं, क्षिप्रेचं पाणी. हैदराबादच्या जुन्या खानदानातला शेवटचा हत्ती आजारी आहे, त्याला उज्जैनच्या पाण्यानेच उतार पडतो, म्हणून आम्हाला बोलावलंय. बाई हात जोडून उठल्या. मग पलीकडचे आले. नागपूर येईपर्यंत अख्खा डबा खोक्याचं दर्शन घेऊन गेला होता आणि कुणीतरी त्यावर झेंडूचं फूल ठेवलं होतं.

“या गाडीतून उतरल्यावर मी तुला ओळखत नाही,” तू म्हणालीस.

“उतरेपर्यंत ओळखतेस ना?”

“दहाने भागून.”

त्या प्रयोगशाळेत मशीनच्या खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या. आत एसी. आपण दोघींनी बाहेरच्या बाकावर बसून एकमेकींची विस्कटलेली वेणी नीट केली आणि मग आत गेलो. तिथले मोठे साहेब तेलुगू, बारीक, हळू बोलणारे. ते मशीनशी असे वागायचे जणू नवी सून घरात झोपली आहे. पहिले दिवस माझे होते. साहेबांनी मशीनची बारीक नळी माझ्या पहिल्या बाटलीत बुडवली, शिसं मोजायचा दिवा लावला, आणि आकडा चढायला लागला. चढला, चढला, आणि पडद्याच्या वर निघून गेला. शेजारच्या खोलीतली माणसं उठून बघायला आली.

“ये पानी किधर का है?” साहेबांनी विचारलं.

“उज्जैन का, सर. क्षिप्रा.”

“लोग नहाते इसमें?”

“नहाते भी हैं, पीते भी हैं.”

“और जिंदा हैं?”

कुमे, खरं सांगते, मला आनंद झाला. माझ्याहून मोठं बोलणारं काहीतरी जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. मी मनातल्या मनात पेपर लिहून छापूनही टाकला. दुसरी बाटली, तसंच. तू माझ्या मागे येऊन उभी राहिलीस.

“शोभे, दहाने भाग.”

“भागला.”

“मग?”

“मग तरी सगळं शहर मेलेलं असायला पाहिजे.”

“आणि आपण दोघी कोण आहोत?” तू चष्मा काढलास. “जो आकडा तुझ्या गोष्टीसारखा येतो, तो मी घेत नाही.”

तिसऱ्या बाटलीला नळीच तुंबली. साहेबांचा चेहरा पडला. तू बाटली उचललीस आणि पांढऱ्या चिनी मातीच्या थाळीत हळूच ओतलीस. पिवळसर पाणी आलं. आपली नदी तशीही पिवळसरच, त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण पाण्यामागून टपकन एक दाणा पडला. मग दुसरा. ॲसिडमध्ये राहून फुगलेले.

आपण तिघं त्या थाळीवर वाकून बघत होतो.

“तांदूळ,” तू म्हणालीस. तू बोटाने तळाचा गाळ चोळलास आणि वास घेतलास. “आणि हळद. कुंकूपण. ॲसिडने लाल रंग गेला त्याचा.” बाजारातल्या स्वस्त कुंकवात सिंदूर मिसळलेला असतो, आणि सिंदूर म्हणजे शिसं, हे तुला मला सांगावं लागलं नाही. साहेबांनी तांदळाकडे बघितलं, आपल्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि कोपरापासून हात जोडले. “अम्मा,” ते म्हणाले, “मेरा मशीन.”

एसटीडीच्या बूथमधून मी आमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, आईला बोलवा म्हटलं. आई धावत आली, दम लागलेला.

“आई, बाटल्यांत काही घातलंस का तू?”

“हो मग. हळद, कुंकू, चार चार तांदूळ. सुपारी पण घालणार होते, बाटलीच्या तोंडातून जाईना.”

“पण का?”

“का म्हणजे? नदी आपल्या घरून निघालीय, बाई. घरातून बाईमाणूस परगावी निघाली तर ओटी भरल्याशिवाय धाडतो का आपण? कोरडी कशी पाठवू? आणि एकीची भरायची, बाकीच्यांची नाही, हे बरं दिसतं का?” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “काही गडबड झाली का गं? शोभा? बाबांना मीच म्हटलं होतं, जाऊ द्या म्हणून. काम बिघडलं का माझ्या हाताने?”

डब्याला हत्ती विकणारी मी, आणि आईला सांगायला एक साधी थाप सुचेना. तू माझ्या हातातून रिसीव्हर घेतलास.

“काकू, मी कुमुद. हो, ती इथेच आहे, माझ्या शेजारी. ऐका ना. तुमच्या बाटल्या लावल्यावर मशीनचा आकडा इतका वर गेला की शेजारच्या खोलीतले लोक उठून बघायला आले. असा आकडा त्यांनी पहिल्यांदाच बघितला. आणि इथले मोठे साहेब आहेत ना, त्यांनी बाटलीसमोर हात जोडले. अम्मा म्हणाले.”

पलीकडून आईचा श्वास मलाही ऐकू आला. “खरंच?”

“काकू, मी खोटं बोलते का कधी?”

“नाही गं पोरी. तू नाही बोलत. ती बोलते.”

तू रिसीव्हर ठेवलास आणि चष्मा पुसत बसलीस. मी म्हटलं, आता काय, माझे नमुने गेले, मी चालले इंदूरला. तू म्हणालीस, “माझ्या पेटीत खालच्या थरात आहेत.”

“काय आहेत?”

“तुझे नमुने. प्रत्येक घाटावर तू पंड्यांना गोष्टी सांगत बसायचीस, तेव्हा मी दुसरी बाटली भरून घेतली. तुझ्या हातून एखादी तरी फुटणार, असं मी धरूनच चालले होते.”

माझ्यावर इतका कमी भरवसा ठेवून कुणी माझ्यावर इतकी माया केली नाही, कुमे. पण मला तेवढ्यात आठवलं की माझे दिवस तर आता मशीनच्या नळ्या धुण्यातच जाणार. मी म्हटलं, वेळ कुठून आणायचा?

“माझे दिवस तू घे,” तू म्हणालीस. “बोअरिंग कुठे वाहून जाणार आहे?”

एवढंच. चष्मा घातलास आणि जिना चढायला लागलीस.

तुझ्या दिवसांत माझी नदी मोजली गेली. शिसं इतकं कमी निघालं की मशीनला ते हुडकावं लागलं. मी जराशी नाराज झाले. “नदी चांगली निघाली म्हणून तोंड पाडणारी तू पहिलीच,” तू म्हणालीस. तुझ्या पेटीतलं बोअरिंगचं पाणी जसं गेलं तसं परत आलं. तुला पुन्हा त्या मशीनची पाळी मिळेपर्यंत वर्ष उलटून गेलं, मी तुझ्याआधी डॉक्टर झाले, आणि माझ्या पेढ्यांच्या पुड्या तूच विभागात वाटल्यास. बाबांनी दारातच विचारलं होतं, “काम झालं?” तू म्हणालीस, “झालं, काका.” इंदूरच्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं. तिथेही तो आईकडेच बघत असेल.

आणि आई. तिने ती गोष्ट आमच्या सगळ्या फ्रीगंज मोहल्ल्यात नेली. पहिल्या महिन्यात साहेबांनी हात जोडले होते. दिवाळीपर्यंत साहेबांनी नारळ फोडला. दोन वर्षांत सगळ्या शास्त्रज्ञांनी रांगेत उभं राहून हळद-कुंकू लावून घेतलं होतं. माझ्यात हे कुठून आलं, ते मला तेव्हा कळलं. कुणी शंका काढली की आई म्हणायची, “कुमुदला विचारा. ती खोटं बोलत नाही.” लोक तुला विचारायचे आणि तू, डोळ्याची पापणी न हलवता, म्हणायचीस, “हात जोडले होते, हे खरं आहे.” गेली तेव्हाही आई त्याच खात्रीने गेली, की पोरीचं नशीब तिच्या चार तांदळांनी उघडलं.

त्यावरून आपण जन्मभर भांडलो. टॉवर चौकात पोह्यांवर सेव भुरभुरत मी दर वेळी उकरून काढायचे. “मान्य कर, त्या दिवशी तू थाप मारलीस.”

“कुठलं वाक्य खोटं होतं? दाखव.”

“वाक्यं सगळी खरी होती, पण हेतू थापेचा होता.”

“हेतू मोजायचं मशीन आण. मग बोलू.”

मी म्हणायचे, माझ्या हजार थापा एका पारड्यात आणि तुझी ती एक दुसऱ्यात टाकली तर तुझं पारडं जमिनीला लागेल. तू म्हणायचीस, “तुझ्या हजारला आधी भाग.” पोहे गार व्हायचे. हे भांडण करायची मला इतकी सवय झाली होती की आपण ते कधी संपवलंच नाही.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलात मी पुन्हा काढलं. तुला जरा चीड यावी, रंग यावा चेहऱ्यावर, म्हणून. तू छताकडे बघितलंस. मग म्हणालीस, “अम्मा.”

“काय?”

“ते अम्मा बाटलीला नव्हते म्हणाले. वैतागले की ते तसंच म्हणायचे. एवढी एक चूक धर माझी.”

मी जिंकले होते. इतक्या वर्षांनी जिंकले. मी म्हटलं, बाकीची पण कबूल कर. तू डोळे मिटलेस. “उरलेलं उद्या.” दुसऱ्या दिवशी तुझ्या नाकातोंडात नळ्या होत्या.

तुझ्या घरी, नानाखेड्याला, तुला न्यायची तयारी चालली होती तेव्हा बायकांत कुजबुज झाली. मी हळद-कुंकू मागितलं होतं. तुमच्या काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अहो शोभाताई, ती कुमारिका. तिची ओटी नसते भरायची.”

“काकी,” मी म्हटलं, “क्षिप्रेचं लग्न झालं होतं का?”

त्यांना वाटलं माझं डोकं फिरलंय. पण तुझी वहिनी, जिने ही गोष्ट माझ्या आईच्या तोंडून दहा वेळा ऐकली होती, ती उठली आणि आतून ताट घेऊन आली. मी तुझ्या पदरात तांदूळ घातले, हळद घातली, कुंकू घातलं. कुंकू चांगलं होतं, काळजी करू नकोस, शिशाचं नाही. वहिनीने सुपारी पुढे केली. या वेळी सुपारी बसली.

इतकी लांब निघालीस, कोरडी कशी पाठवू?

परवा तुझ्या भावाबरोबर अस्थी घेऊन मी घाटावर गेले होते आणि तू पाण्यात गेलीस. आज ना उद्या विभागातली एखादी पोरगी तिथे बाटली बुडवेल. कॅल्शियम जरासं जास्त येईल. ती दोनदा मोजेल, डोकं खाजवेल आणि मोजण्यातली चूक समजून सोडून देईल. तू असतीस तर तिला सोडू दिलं नसतंस. मी काही सांगणार नाही. माझ्यावर कोण विश्वास ठेवतं?

मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात ते नव्हतंच, आणि म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, “दहाने भागलं.” म्हणून एवढं ऐक. वर लिहिलंय त्यात जे भागायचं ते भाग. हत्ती भाग, बिनमिठाची आमटी भाग, ॲम्ब्युलन्स तर पूर्ण खोडून टाक. पण “माझे दिवस तू घे” असं तू म्हणालीस, ते मी होतं तेवढंच लिहिलंय. त्यानंतर मी जे जगले ते सगळे दिवस त्यातलेच होते. याला भागू नकोस.

तुझी,
शोभा